जमिनीला धरून बसणारं जहर

(संघटनेच्या खेड-मावळ शिबिरात झालेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे, लांबलेला भाग थोडा कमी केला आहे.)



मला विषय दिलाय भूजल प्रदूषण. शब्द अवघड आहे, विषय तेवढा अवघड नाही. आणि तो आजच का घेतला ते तुम्हाला माहिती आहे. चाकणच्या अंगाला आपल्या ज्या ठाकरवाड्या आहेत, त्यातल्या दोन वाड्यांना एजंट लोक भेटून गेले. रस्त्याला अन् कंपन्यांच्या भरावाला मुरूम काढून जे खड्डे पडलेत, ते म्हणतात आम्ही भरून देतो. वर भाडं देतो. तीन वर्षांनी सपाट जमीन तुमच्या ताब्यात. भरणार कशानं? तर "कंपनीची माती". कुठल्या कंपनीची, कसली माती, ते कागदावर काही नाही.

वाडीतल्या काही जणांचं म्हणणं, खड्डा तसाही पडीकच आहे, पैसे येतायत तर वाईट काय? हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. ज्याच्या कणगीत दाणे नाहीत त्याला लांब बसून "नाही म्हण" सांगायला काय लागतं? म्हणून मी आधी नाही म्हणा, हो म्हणा काही सांगत नाही. ती माती खड्ड्यात पडल्यावर जमिनीच्या पोटात काय होतं तेवढं सांगते. मग ठरवा.

मला हे कुठून माहिती? बारावी सायन्स केलं, पुढचं जमलं नाही, मग भोसरीच्या बाजूला एका प्लेटिंगच्या शेडमध्ये अकरा महिने कामाला होते. शेडचं नाव घेत नाही, तशा शेडी पुष्कळ आहेत. माझं काम जॉब तारेला बांधायचं. नट, बोल्ट, गाडीचे छोटे पार्ट. ते आधी ॲसिडात बुडवायचे, गंज जायला. मग धुवायचे. मग निकेलच्या टाकीत, परत धुवायचे. काही जॉब क्रोमच्या टाकीत, परत धुवायचे. धातूपेक्षा धुणंच जास्त. क्रोमचं धुतलेलं पाणी हळदीसारखं पिवळं असतं. टाकीच्या तळाला जो चिखल बसतो त्याला स्लज म्हणतात. तो ड्रममध्ये भरून ठेवायचे आणि रात्री टेम्पो यायचा. कुठं जायचा ते आम्हा बायकांना कोण सांगणार? आता खड्डे बघते तेव्हा अंदाज येतो.

आता इकडं बघा. सकाळपासून ह्या दोन बाटल्या टांगून ठेवल्यात, मुलं विचारत होती हे काय. बूड कापून उलट्या केल्यात, तोंडाला फडकं बांधलंय. दोन्हीत नदीची वाळू आणि त्यात चमचा-चमचा काळी माती. नुसती काळी माती घेतली असती तर फुगून पाणीच सोडलं नसतं, म्हणून वाळू. एका बाटलीत आरोग्य केंद्रातलं जखमेला लावायचं जांभळं औषध पाण्यात मिसळून ओतलं. खाली काय आलं? स्वच्छ पाणी. तुम्हीच बघितलंत. दुसऱ्या बाटलीत मिठाचं पाणी ओतलं. तेही स्वच्छ दिसतंय, पण जिभेला लावलं तर खारट. (जांभळ्या बाटलीचं कोणी तोंडाला लावायचं नाही, पोरांना सांगा.)

म्हणजे एकाच मातीनं एकाला धरलं अन् दुसऱ्याला सोडलं. जांभळा रंग गेला कुठं? नाहीसा झाला नाही. मातीच्या कणांना चिकटून बसलाय. आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे, बाकीचं सगळं हिच्यातूनच निघतं.

माती धरते कशी? चिकण मातीच्या कणाच्या अंगावर विजेचा ऋण भार असतो. बॅटरीच्या सेलला अधिक-उणे असतं, त्यातला उणे. पाण्यात विरघळलेले शिसं, तांबं, जस्त, निकेल हे अधिक भाराचे असतात. अधिक-उणे एकमेकाला ओढतात, धातू मातीच्या अंगाला बसतो. जांभळं औषधही अधिक भाराचं, म्हणून बसलं. मिठातलं क्लोराइड उण्याचं, त्याला माती जवळ घेत नाही, ते पाण्याबरोबर निघून जातं. खताचं नायट्रेट तसंच, म्हणून ते विहिरीत लवकर उतरतं.

आणि ही जागा किती मोठी आहे ऐका. आपल्या काळ्या रानात जी फुगणारी चिकण माती आहे, ती निव्वळ एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर घेतली आणि तिचे सगळे थर उलगडून अंथरले, तर सातशे चौरस मीटरच्या आसपास जागा होते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. चिमूटभर मातीत सात गुंठे! आपण गुंठ्या-गुंठ्यासाठी कोर्टात जातो आणि इथं चिमटीत सात गुंठे बसलेत. तेवढ्या जागेवर धातू वस्तीला येतात.

मातीशिवाय गंजही धरतो. आपल्या मुरमाला अन् गेरूला तांबडा रंग आहे तो लोखंडाच्या गंजाचा. शेण, पाला, कुजलेलं खत तेही धरतं. तेल, ग्रीस, यंत्र पुसायचं सॉल्व्हंट असल्या वस्तू ह्या कुजलेल्या भागाला चिकटतात. भीमाशंकरच्या बाजूच्या आपल्या महादेव कोळी बायांना हे वेगळं सांगायला नको. नुसत्या सुती कापडाला कित्येक रंग धरत नाहीत, धुतले की जातात. हिरड्याचं पाणी आणि तुरटी दिली की तोच रंग पक्का बसतो. रंग तोच, पाणी तेच. कापडाचं अंग बदललं म्हणून धरला. जमिनीखाली हेच चालू असतं, फक्त दिसत नाही.

आता क्रोम. ह्याच्यावर थोडा वेळ घेते, कारण आपल्या पट्ट्यात हाच जास्त फसवतो. क्रोम दोन जातीचा असतो. टाकीत असतो तो सहा नंबरचा, विषारी, आणि पाण्यात तो उणे भाराचा होऊन फिरतो. म्हणजे काळी माती त्याला जवळ घेत नाही. त्यातून आपली काळी माती खारवट अंगाची, आंबट नाही. आंबट मातीत गंज त्याला थोडा तरी धरतो, खारवट मातीत तेही फारसं नाही. दुसरा तीन नंबरचा, तो मातीत घट्ट बसतो, विषारीही पुष्कळ कमी. आणि जमिनीतलं कुजलेलं खत आणि काही जातीचं लोखंड सहा नंबरचं तीन नंबर करून टाकतं. म्हणजे जमीन आपल्या परीनं विष उतरवत असते. पण ही ताकद मापाची आहे. शिवाय जमिनीतलं काही मँगनीज हळूहळू उलटंही फिरवतं, तीनचा परत सहा.

पाण्यात किती चालतो? पिण्याच्या पाण्याचं सरकारी प्रमाण आहे, आयएस १०५००. त्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. शिसं ०.०१, निकेल ०.०२, कॅडमियम ०.००३. पाणी डोळ्याला पिवळं दिसायला लागतं तोवर क्रोम ह्या मर्यादेच्या कितीतरी पट झालेला असतो. म्हणून "पाणी तर निवळशंख आहे" ह्याला काही अर्थ नाही. मघाशी एका आजीनं विचारलं, उकळून घेतलं तर? आजी, उकळून जंतू मरतात. धातू मरत नाही. पाणी आटतं आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे उलट दाट होतो.

आता एजंटच्या तीन वर्षांकडं येते. जहर मातीला चिकटतं, सुटतं, परत पुढच्या कणाला चिकटतं. भरल्या बाजारात दर दुकानाला थांबणाऱ्या माणसासारखं. पाणी सरळ पुढं जातं, धातू मागं राहतो, कितीतरी मागं. खड्डा भरल्यावर पहिल्या वर्षी विहीर तपासली तर रिपोर्ट चांगला येईल. दुसऱ्या वर्षीही येईल. एजंट तो रिपोर्ट दाखवेल अन् म्हणेल, बघा, काही झालं का? तोवर मातीवरच्या जागा भरत चाललेल्या असतात. सकाळपासून ही जांभळी बाटली चालू आहे, आणलेलं औषध सगळं संपवलं. आता खाली बघा. फिकट जांभळं यायला लागलं. चमचाभर माती भरली, तिनं हात वर केले. भाडेपट्टा संपायचा तेव्हा संपेल, विहिरीत जहर त्यानंतरही येऊ शकतं.

आणि चिकटलेलं जहर कायमचं बसलं असंही नाही. ते सुटतं कधी? ॲसिड आलं की सुटतं. ॲसिड स्वतः अधिक भाराचं, ते मातीवरची जागा बळकावतं आणि धातूला उठवतं. प्लेटिंगच्या शेडमधून ॲसिड आणि धातू दोन्ही निघतात, एकाच ड्रममध्ये. दुसरं, खूप खारं पाणी आलं की सुटतं. तिसरं, वर ओला कचरा कुजायला लागला की. कुजताना जमिनीतली हवा संपते, मग लोखंडाचा गंजच विरघळतो, आणि गंजाला जे चिकटलं होतं ते पाण्यात येतं. बांगलादेशात लाखो हातपंपांचं पाणी आर्सेनिकनं बिघडलं त्याचं मुख्य कारण हेच सांगतात. तिथं कारखाना नव्हता, आर्सेनिक नदीच्या गाळातल्या गंजाला निसर्गानंच चिकटलेलं होतं. जमिनीखालची हवा संपली अन् ते सुटलं. आपल्या खड्ड्यात तर खाली स्लज आणि वर गावाचा कचरा, असा बेत दिसतोय.

आता आपली जमीन बघू. विहीर खोदणारे काका इथं बसलेत, चुकलं तर सांगा. वर काळी किंवा तांबूस माती. खाली मुरूम. मग फुटका खडक, चिरा पडलेला. मग पक्का काळा खडक, मध्ये कुठं कुठं गेरूचा तांबडा पट्टा. पाणी असतं ते मुरमात आणि चिरांमध्ये. धरायची ताकद कुठं? वरच्या मातीत, मुरमात आणि गेरूत. चिरेत नाही. चिरेत पाणी नुसतं पळतं, धरायला अंगच नाही. आता मला सांगा, मुरमाचा खड्डा म्हणजे काय? जी जागा जहर धरणार होती तीच खरवडून नेलेली आहे! तळाला उघडा फुटका खडक. त्याच्यावर स्लज टाकणं म्हणजे चाळणीवर दूध ओतणं. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, खड्ड्याचा तळ भिजतो, दिवाळीनंतर पाणी खाली जाताना धुऊन घेऊन जातं. म्हणजे इथं तीन वर्षंही लागणार नाहीत कदाचित. जे मातीला थांबत नाही ते आधी येईल, थांबणारं मागून येईल.

आणखी एक. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं ना, त्या गढूळपणात मातीचे बारीक कण असतात. धातू त्यांच्या पाठीवर बसून प्रवास करतो. चिकटलाय म्हणून जागेवरच आहे असं समजू नका.

नदीतही तेच. पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला १९५४ साली, एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, चाकण त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. तेवढ्या वर्षांचं काय काय पवना आणि इंद्रायणीच्या गाळात बसलंय. भीमा आपल्या भीमाशंकरला उगम पावते, स्वच्छ. तुळापूरला इंद्रायणी मिळते, पुढं मुळा-मुठा येते, सगळं उजनीला. कारखान्यांच्या ओढ्याचा गाळ सुपीक दिसतो म्हणून कोणी रानात टाकत असेल तर टाकू नका. धरणाचा किंवा गावतळ्याचा गाळ वेगळा, हा वेगळा.

मग एकदा बसलेलं जहर काढता येत नाही का? लोक म्हणतात, पाणी उपसून टाकू. पंप लावला की पाणी सुधारतं. रिपोर्ट चांगला आला की पंप बंद करतात. काही महिन्यांनी परत तेच, कारण मातीला अन् खडकाच्या बारीक छिद्रांना धरून बसलेलं हळूहळू पाण्यात उतरत राहतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात हिंकली म्हणून गाव आहे. तिथं एका गॅस कंपनीनं १९५२ ते १९६६ ह्या काळात क्रोमचं पाणी बिनअस्तराच्या तळ्यात सोडलं. लोकांनी दावा लावला, १९९६ साली ३३ कोटी डॉलरच्या वर पैसे द्यावे लागले. जमिनीखालचा क्रोम मात्र त्यानंतरही साफ करतच बसलेत. त्यांच्याकडं पैसा आहे, यंत्रं आहेत.

आपल्या देशातलं सांगते. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी गाव. १९८८ च्या सुमाराला तिथं एच-ॲसिड नावाचं रसायन करणारे कारखाने निघाले. थोडाच काळ चालले. पण अडीच हजार टनांच्या आसपास स्लज तयार झाला, तो उघड्यावर टाकला, पावसानं मुरला, साठेक विहिरींचं पाणी खराब झालं. सुप्रीम कोर्टानं हलवायला सांगितलं तेव्हा काही स्लज आजूबाजूला पसरून वर माती टाकली, हे निकालपत्रातच आहे. वर माती टाकली! तोच प्रकार, तीच "सपाट जमीन". १३ फेब्रुवारी १९९६ ला निकाल लागला, ज्यानं बिघडवलं त्यानं भरायचं, असा. नंतर ३७ कोटींच्या वर रक्कम ठरली, आणि ती वसूल होऊ नये म्हणून कारखानेवाले पुढं कित्येक वर्षं कोर्टातच खेळत राहिले. कारखाना चालला त्याच्या कितीतरी पट काळ गाव भांडतंय. निकाल चांगला आहे, आपल्याला वापरता येईल, पण विहीर निकालानं गोड होत नाही.

आता कायद्याचं, भराभरा सांगते, कारण ह्यावर आपली वेगळी बैठक होणारच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ३६ आणि ३६अ. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची, गहाण ठेवायची, भाड्यानं द्यायची, काहीही करायचं तर कलेक्टरची आधी मंजुरी लागते. पाच वर्षांच्या आतला भाडेपट्टा असला तरी लागते. एजंटनं आणलेला स्टँपपेपर आणि नोटरीचा शिक्का म्हणजे मंजुरी नव्हे. "हे भाडं नाही, नुसती परवानगी आहे" असं तो म्हणेल. पैसे देऊन तीन वर्षं जागा वापरणं ह्याला भाडंच म्हणतात. उद्या खड्डा उकरला गेला तर सातबारावर नाव आपलं निघेल, टेम्पोवाल्याचं नाही.

घातक कचऱ्यासाठी पुणे जिल्ह्यात रांजणगावला सामाईक जागा आहे. तिथं खाली अस्तर असतं, झिरपलेलं पाणी गोळा करतात. गंमत म्हणजे अशा जागेला तळाला जी चिकण माती लागते, ती ह्याच धरायच्या गुणासाठी. असला कचरा नेणाऱ्या गाडीबरोबर मॅनिफेस्ट नावाचा कागद असावा लागतो, कुठून निघाला, कुठं जाणार, किती आहे. पण रांजणगावला टनामागं पैसे मोजावे लागतात. आपल्या खड्ड्यात टाकलं की तो खर्च वाचतो, आणि वाचलेल्यातला थोडासा आपल्या हातावर भाडं म्हणून ठेवतात. म्हणून एजंटला एवढंच विचारा, मॅनिफेस्ट दाखव. माती चांगली असेल तर रात्री का आणतोस, दिवसा आण.

आणि इथं कातकरी साथी बसलेत, त्यांच्या नावावर खड्डाही नाही आणि विहीरही नाही. ते खालच्या झऱ्याचं पाणी पितात. भाडं एका घराला मिळणार, झरा दोन वाड्यांचा. तेव्हा खड्ड्याचा मालक एकटा ठरवू शकत नाही, असं माझं मत आहे. कोणाला पटत नसेल तर चर्चेत बोला, राग नाही.

ज्याला खरंच पैशाची नड आहे त्याचं काय, हे संघटनेनं ठरवलं पाहिजे. खड्ड्यात पाणी साठतं, रोजगार हमीतून गाळ काढून बांध घालता येतो का, मासे सोडता येतात का, हे तालुक्याला विचारायला दोघं जण जाणार आहेत. नुसतं "नको" सांगून आपण घरी गेलो तर एजंट परत येईल, आणि तेव्हा तो बरोबर वाटेल.

आता कामाचं. तपासणी खड्डा भरायच्या आधी करून ठेवायची. आधीचा रिपोर्ट नसला तर नंतर म्हणतात, तुमचं पाणी पहिल्यापासून असंच होतं. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या तपासणीत बहुतेक वेळा क्षार, नायट्रेट, जंतू एवढंच बघतात. अर्जात नावं घालून मागा, एकूण क्रोमियम, सहा नंबरचं क्रोमियम, निकेल, शिसं, कॅडमियम, जस्त. दोनदा, मे महिन्यात पाणी खाली असताना आणि पावसाळा संपल्यावर. पुण्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडं अर्ज द्यायचा आणि एक प्रत प्रदूषण मंडळाला. मंडळानं काही केलं नाही तर पाणी कायदा १९७४, कलम ४९ प्रमाणं साठ दिवसांची नोटीस देऊन आपण स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो. नोटीस आजच्या तारखेनं गेली तर साठ दिवस आजपासून मोजले जातात, म्हणून खूण दिसली की लगेच अर्ज.

विहिरीच्या तळाची चिमूटभर माती पण घ्यायची, नुसतं पाणी नाही. एवढा वेळ जे सांगितलं त्यावरून का ते कळलं असेल. माती पिशवीत, पिशवीवर विहिरीचं नाव, तारीख, किती खोल.

बाटल्या धुऊन माझ्याकडं ठेवल्यात, सध्या बारा आहेत. खड्ड्याच्या उताराला ज्यांच्या विहिरी, बोअर, झरे आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नावं लिहून द्या. झऱ्याचं नाव कातकरी वाडीनं द्यायचं.